दुसऱ्या चावीनं गाडी सुरूच होईना

साडेतीस हजार रुपये मोजून मी माझ्या गाडीतली दिवे, वायपर, लॉक चालवणारी चांगली इलेक्ट्रॉनिक पेटी काढून दिली आणि भंगारातली बसवून घेतली. हे कळायला मला दीड महिना लागला, आणि तेही बायकोमुळे.

गाडी २०१५ ची, पेट्रोलवरची साधी हॅचबॅक. चिंचवडला आमच्या सोसायटीत शेड नाही, त्यामुळे ती बारा महिने गुलमोहराखाली उभी. २०२४ चा जुलै पुणेकरांना आठवत असेल. २५ तारखेला सिंहगड रोडला लोकांच्या घरांत पाणी शिरलं होतं. आमच्याकडे पाणी भरलं नाही, पण पाऊस काही हटत नव्हता. त्याच आठवड्यात रात्री दोनला वॉचमनचा फोन आला, "साहेब, तुमच्या गाडीत कोणीतरी आहे." खाली गेलो तर आत कोणी नाही. चारही इंडिकेटर लुकलुकतायत आणि दरवाज्यांची लॉकं आपोआप खटखट वाजतायत. सकाळी चावी फिरवली तर वायपर न सांगता सुरू, काचा खाली जाईनात, आणि दरवाजे बंद असून मीटरवर 'दरवाजा उघडा'चा दिवा.

ओळखीच्या एकानं एका गॅरेजचं नाव सुचवलं. चकचकीत जागा, एसीची केबिन, भिंतीला मोठा स्क्रीन. तिथल्या मालकानं डॅशबोर्डखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निदान सांगितलं, "सर, बीसीएम गेलंय. हा बघा कोड." स्क्रीनवर यू-०१४० होता. त्याचा अर्थ मी तिथंच मोबाइलवर शोधला : बीसीएमशी संपर्क तुटला. वाटलं, माणूस खरं बोलतोय.

आणि तो कोडपुरतं खरंच बोलत होता. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्युल. इंजिनाचं सगळं ईसीएम ही दुसरी पेटी बघते; दिवे, वायपर, काचा, लॉक आणि आमच्या गाडीत चावीची ओळख पटवणं हे बीसीएमकडे. पूर्वी बटण दाबलं की करंट थेट दिव्यापर्यंत जायचा. आता बटण या पेटीला सांगतं आणि पेटी दिवा लावते. त्यामुळे पेटी जळली काय किंवा पेटीला वीज नीट पोचेनाशी झाली काय, बाहेरून तमाशा सारखाच दिसतो. नेमका इथंच गाडीवाला सापडतो.

"पावसानं सगळ्यांचीच मॉड्युलं उडालीयत सर, आजच तिसरी गाडी," तो म्हणाला. पुराच्या बातम्या ताज्या होत्या, मला पटलं. नवं ओरिजिनल बीसीएम २४,००० , कोडिंगचे (म्हणजे पेटी गाडीशी जुळवून द्यायचे) ४,००० , मजुरी २,५००. मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितलं, त्यानं पाठवलं. या सगळ्या प्रकरणात मी केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला, "पार्टवर २८ टक्के लागतील सर, कशाला?" मीही हावरटासारखा गप्प बसलो. निम्मे पैसे यूपीआयनं दिले, तेही गॅरेजच्या नव्हे, कुणा माणसाच्या नावावर गेले. निम्मे रोख.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. सगळं सुरळीत. जुनी पेटी मागितली तर "ती कंपनीला परत करावी लागते, एक्स्चेंजमध्ये दर कमी लावलाय" असं उत्तर आलं. आदल्या दिवशी एक्स्चेंजचा शब्दही निघाला नव्हता. नव्याचा खोका कुठंय विचारलं, तर पोऱ्यानं कचऱ्यात टाकला म्हणे. एवढं ऐकूनही मी त्याला थँक यू म्हणून बाहेर पडलो. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

पुढं पावसानं चांगली उघडीप दिली. गाडी छान चालत होती आणि मी चार जणांना त्या गॅरेजचं नावही सांगून बसलो.

सप्टेंबरमध्ये बायकोला माहेरी जायचं होतं. माझी चावी ऑफिसात राहिलेली, म्हणून तिनं कपाटातली दुसरी चावी घेतली. दरवाजा उघडला, सेल्फ लागेना. चावीच्या चिन्हाचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. मी फोनवरून तिलाच चार गोष्टी सुनावल्या, चावी नीट धरत नाहीस वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "पेटी बदलल्यापासून ही चावी कोणी वापरलीय का?"

नव्हती वापरली. पेटी बदलली की चाव्यांची ओळख तिला पुन्हा करून द्यावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत त्या वेळी जी चावी समोर नसते ती बाद होते. नीट काम करणारा माणूस आधीच सांगतो, घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन या. आमच्या मालकानं विचारलंही नव्हतं. त्याच रात्री पाऊस आला आणि इंडिकेटर परत लुकलुकायला लागले.

गॅरेजला फोन केला. "इलेक्ट्रॉनिक पार्टला गॅरंटी नसते सर."

मग गेलो जुन्या हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झालेला माणूस, फार बोलत नाही. मी कोडचं सांगायला लागलो तर हातानंच थांबवलं. "कोड काय सांगतो? हा बोलत नाही, एवढंच. का बोलत नाही ते आपण बघायचं. घरी कोणी फोन उचलला नाही म्हणून लगेच तिरडी बांधायला घेता का?"

त्यांनी स्कॅनरच्या आधी डाव्या सीटपुढची मॅट उचलली. खालचं कार्पेट पिळलं असतं तर वाटीभर पाणी निघालं असतं. तिथं कुबट वास येतो असं बायको जूनपासून सांगत होती. मी सुगंधी डबी टांगली होती. आप्पांनी वायपरखालची जाळी उघडली. आत गुलमोहराच्या पानांचा काला. पावसाचं पाणी निघून जायची वाट तुंबलेली, त्यामुळे ते आत झिरपून ग्लोव्ह बॉक्समागून उतरत होतं, बीसीएमच्या कपलरवरून, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगवरून, थेट पायाशी. तिथं पत्र्याला पेटीची अर्थची, म्हणजे करंट परत जायची, वायर बोल्टनं आवळलेली. तिच्या टोकाचा धातूचा थिंबल हिरवागार झालेला.

दिवे आणि ब्लोअर लावून त्यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पेटीच्या अर्थ वायरला टेकवली. काटा नव्हे, आकडा आला : १.९ व्होल्ट. "इथं पाव व्होल्टसुद्धा दिसता कामा नये," आप्पा म्हणाले. पेटीला धड अर्थ मिळत नव्हता, म्हणून ती मधेच मरत होती आणि मधेच जागी होत होती. गॅरेजमध्ये कपलर काढून घातले, सगळं सुकलं, वर पावसानं विश्रांती घेतली, म्हणून दुरुस्ती झाल्यासारखं वाटलं. पहिली पेटी बहुधा शेवटपर्यंत धडधाकट होती. त्या चकचकीत गॅरेजमध्ये मल्टिमीटर मी पाहिलाच नाही.

नवा थिंबल, घासलेला पत्रा, कपलरला स्प्रे, जाळीची सफाई, कार्पेट उन्हात. १,६५० रुपये.

मग आप्पांनी 'नवी' पेटी खाली घेतली. स्टिकरचा अर्धा भाग खरवडलेला, मागं पांढऱ्या मार्करनं टाकलेला आकडा, एका स्क्रूच्या डोक्याला पाना घसरल्याच्या खुणा. "कुर्ल्याला भंगारात असे आकडे टाकतात," ते म्हणाले. स्कॅनरनं आतला चेसिस नंबर वाचला. माझ्या आरसीवरचे १७ अक्षर-आकडे समोर धरले. शेवटचे सहाच्या सहा वेगळे. म्हणजे माझ्या गाडीच्या पोटात दुसऱ्याच गाडीची ओळख बसली होती. ती गाडी पुरात बुडालेली, अपघातातली की चोरीची, हे कोण सांगणार? पैशांपेक्षा मला त्या विचारानं जास्त घाम फुटला. स्क्रीनचा, स्टिकरचा आणि आरसीचा असे तीन फोटो आप्पांनीच काढायला लावले, पेटी परत बसवायच्या आधी. पेटी चालू आहे, सध्या तीच वापरा म्हणाले. दुसरी चावी ओळखवून द्यायला चावीवाल्याचे दीड हजार वेगळे गेले.

गॅरेजचा मालक आधी "आम्ही नवीच टाकली" म्हणाला. फोटो पाठवल्यावर "सप्लायरनं फसवलं असेल." मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथून त्याला विचारणा गेल्यावर दहा हजार परत देतो म्हणाला, अट एकच, 'नवं ओरिजिनल' लिहिलेला तो मेसेज डिलीट करायचा. त्या अटीवरूनच कळलं की त्या मेसेजची किंमत दहा हजारांपेक्षा जास्त आहे. मग ई-दाखिल या तेव्हाच्या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. पक्कं बिल नाही याचा त्रास होतोच आहे. त्या २८ टक्क्यांच्या मोहाची आठवण प्रत्येक तारखेला येते.

नोटीस गेल्यावर त्याचा पोरगा घरी येऊन एक पिशवी देऊन गेला. "सर, तुमची जुनी पेटी सापडली." मी ती तशीच आप्पांकडे नेली. त्यांनी लेबल वाचलं आणि हसले. ती आमच्या मॉडेलचीसुद्धा नव्हती, डिझेल गाडीची होती. माझी धडधाकट पेटी एव्हाना दुसऱ्याच कुणाच्या गाडीत 'नवी ओरिजिनल' म्हणून बसली असणार.