शांघायची 'सू' खानावळ: सात-आठदा जेवून आल्यावर

नाव मुद्दाम देत नाही. पुढे थोडी कुरकुर आहे, आणि तिथल्या वाढणाऱ्या बाईंशी आता ओळख झालीय. पुन्हा तोंड दाखवायचंय. शांघायच्या वायव्य भागात एका बुद्धमंदिराच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानाला लागून, दहा टेबलांची जागा आहे. दारावर एकच मोठं अक्षर रंगवलंय. त्याचा उच्चार 'सू', अर्थ शाकाहारी.

आधी माझं सांगते. मी सांगलीची. नवऱ्याच्या कारखान्याच्या कामामुळे इथं आलो, त्याला अडीच वर्षं झाली. दूध-दही त्याआधीच सोडलं होतं. सांगलीत हे निभावणं म्हणजे रोज चहाच्या कपावरून वाद. इथं उलट. चिनी स्वयंपाकात तूप, लोणी, पनीर जवळजवळ नाहीच. मांस, मासे, अंडं टाळलं की झालं, असं वाटून मी दोन वर्षं बाहेर बिनधास्त जेवले. मग तपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६२ आले. डॉक्टरांनी विचारलं, बाहेर किती जेवता? मी म्हटलं, पण मी व्हीगन आहे, मांस-अंडं-दूध काहीच नाही. त्या हसल्या, आणि कागदावर दोनच ओळी लिहून दिल्या: तेल, मीठ.

सांगलीहून बहीण फोनवर म्हणते, "मग काय, रोज मंचुरियन?" तिला किती वेळा सांगू की मंचुरियन आपलंच आहे. १९७५ च्या सुमाराला मुंबईत नेल्सन वांग यांनी ते केलं असं सांगतात. इथं तो शब्द उच्चारला तर लोक विचारात पडतात. गाड्यावरची चायनीज भेळ हवी असेल तर हा लेख सोडा.

पहिल्यांदा त्या खानावळीत गेलो तेव्हा मी पदार्थ भाज्या बघून निवडले. वांगं, फरसबी, बटाटा, सिमला मिरची. किती सात्त्विक! आलं ते असं: 'यूश्यांग' वांगं, म्हणजे नावात मासा पण पदार्थात मासा नाही, फक्त माशाला लावतात तो आंबटगोड-तिखट मसाला. दुसरं 'दीसानश्येन', म्हणजे जमिनीतले तीन ताजे जिन्नस: बटाटा, वांगं, मिरची. आणि कोरडी परतलेली फरसबी. (साध्या हॉटेलात वांग्यात आणि फरसबीत बहुतेक वेळा डुकराचा खिमा असतो. इथं अर्थातच नव्हता.) चवीला तिन्ही अप्रतिम. वांगं तर जिभेवर विरघळत होतं.

संपल्यावर मी वांग्याची ताटली तिरकी केली. तळाशी तांबूस तेल कोपऱ्यात जमलं. पांढऱ्या चिनी मातीच्या सूपच्या चमच्यानं मोजलं: साडेतीन चमचे, आणि हे वांग्यानं प्यायल्यावर उरलेलं. चीनच्या २०२२ च्या आहार-मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी २५ ते ३० ग्रॅम तेल सांगितलंय. एका ताटलीत आमच्या दोघांचा दिवस संपला होता. नवरा म्हणाला, "बायको, मोजमाप माझं काम आहे, तू जेव."

कारण नंतर कळलं. वांगं, फरसबी, बटाटा, टोफूचे तुकडे हे परतण्याआधी गरम तेलातून काढतात. त्यामुळे रंग टिकतो आणि कढईत वेळ लागत नाही. म्हणजे मेन्यूवर 'परतलेलं' लिहिलेलं असलं तरी ते आधी तळलेलं असतं. वांगं स्पंजासारखं, ते सगळं पिऊन घेतं. 'कोरडी' फरसबी कोरडी दिसते ती सुरकुतेपर्यंत तळल्यामुळे.

तेव्हापासून मी पदार्थाच्या नावातली भाजी वाचायचं सोडून तिच्याशी काय केलंय ते वाचते. चिनी नावांची ही सोय आहे, कृती बहुधा नावातच असते. 'छिंगछाव' म्हणजे नुसतं परतलेलं. 'छिंगझंग' वाफवलेलं. 'बायझ्वो' उकळत्या पाण्यातून काढून वर चमचाभर सॉस. 'ल्यांगबान' म्हणजे थंड कालवलेलं, आपल्या कोशिंबिरीची चुलत बहीण. हे चार शब्द दिसले की मी निर्धास्त. 'झा' म्हणजे तळलेलं, 'थांगत्सू' साखर-व्हिनेगरचं, 'होंगशाव' सोया आणि साखरेत शिजवून तांबूस केलेलं. हे तीन दिसले की टेबलावर एकच, आणि तेही पाहुणे असतील तर. फोनवर कोड स्कॅन करून मेन्यू उघडतो, त्यात फोटोवर जाऊ नका. फोटोत सगळंच चकाकतं.

आषाढात सासूबाई आल्या. चातुर्मास, त्यामुळे कांदा-लसूण बंद. मला घोर लागला होता, आणि त्यांना इथं आणलं ते घाबरतच. मी हाक मारली, "आयी!" (चिनीत मावशीबाईंना 'आयी' म्हणतात, वाढणाऱ्या बायकांना तसंच बोलावतात.) वाढणाऱ्या बाई वळल्या आणि शेजारी बसलेल्या सासूबाईही. "अगं, मी इथंच आहे की!"

हसू आवरल्यावर मी कांदा-लसूण नको म्हणून समजावायला लागले, तर त्या बाईंनी मला मधेच थांबवलं. आमच्याकडे नसतंच, म्हणाल्या, आणि बोटांवर मोजून दाखवलं. बौद्ध शाकाहारात पाच उग्र वासाच्या वस्तू वर्ज्य: लसूण, कांद्याचे प्रकार, पात, आणि शेवटी 'शिंगछ्यू'. हा पाचवा म्हणजे बहुतेक आपला हिंग. हे मी सासूबाईंना सांगितलं आणि चूक केली. "हिंग? हिंग का म्हणून? मग आमटी कशी करतात?" आमटी करत नाहीत, आई. त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या.

भिक्खूंनी मांस खाऊ नये याचा आग्रह लियांग घराण्याच्या सम्राट वू यानं धरला. त्याची कारकीर्द इसवी सन ५०२ ते ५४९. म्हणजे दीड हजार वर्षं ही मंडळी बिनमांसाचा स्वयंपाक घोटतायत. आजही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी साधी माणसं 'सू' खातात, आपल्या एकादशीसारखी. त्या दिवशी या गल्लीत रांग असते.

त्या दिवशी मागवलेली पहिली भाजी आली आणि सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "अगं, हा तर माठ!" लाल माठच होता, 'छिंगछाव' केलेला, थेंबभर तेलात, मीठ आणि किंचित साखर. त्याचं गुलाबी पाणी भातावर पसरलं, तसंच जसं आपल्या ताटात पसरतं. लसूण नसल्यानं माठाचा मातकट गोडवा नीट लागला. किंमत २६ युआन. त्यांनी भाताला लावून संपवला आणि ताटली पुसून घेतली. इथं नाळीची भाजी, कारलं, कोहळा, घोसाळं, कमळकाकडी सगळं मिळतं. आपल्याला परकं वाटावं असं फारसं काही नाही, कृतीच तेवढी निराळी.

एकादशीला त्यांना काय द्यायचं हा प्रश्न याच खानावळीनं सोडवला. 'वूगू फंगडंग' नावाचा पदार्थ आहे, म्हणजे पाच धान्यांचं भरघोस पीक. बांबूच्या टोपलीत वाफवलेली रताळी, मक्याचे तुकडे, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, चिनी रताळकंद आणि सालीसकट कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा. तेल शून्य, मीठ शून्य. ३८ युआनमध्ये तिघांना पुरतं. त्यांनी मका आणि सोयाबीन आमच्याकडे सरकवलं, रताळी आणि शेंगदाणे घेतले. मला विचाराल तर या खानावळीतला सर्वांत आरोग्यदायी पदार्थ हाच, आणि इथले पाहुणे तो कधीच मागवत नाहीत, कारण त्यात 'काही केलेलं' नाही.

टोफूविषयी थोडं. इथला पांढरा मऊ टोफू दुधासारख्या सोयारसात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालून विरजवतात. उत्तरेकडे मिठागरातलं खारं पाणी वापरतात, तो घट्ट होतो. दूध सोडलेल्यांना जिप्समच्या टोफूतून कॅल्शियमही मिळतं. थंड टोफूवर जरासा सोया सॉस, तिळाचं तेल आणि कोथिंबीर, एवढंच. पण बाहेर इतरत्र एक खोड आहे. 'जपानी टोफू' नावाच्या पिवळसर गोल चकत्या दिसतात. त्यात सोयाबीन नसतं, ते अंडं आहे. मी एका साध्या हॉटेलात ते दोनदा खाल्लं, तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी सांगितलं. या 'सू' खानावळीत तो नाही, त्याबद्दल पूर्ण गुण.

आता खावफू. शांघायचा खास थंड पदार्थ: गव्हाच्या ग्लुटेनचा (म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचा) तपकिरी स्पंज हातानं तोडून, लाकडी कान म्हणतात त्या काळ्या बुरशीबरोबर, वाळवलेल्या लिलीच्या कळ्या, शिताके मशरूम आणि शेंगदाण्यांसोबत सोया-साखरेत मुरवलेला. दाताखाली दाबला की गोड-खारट रस सुटतो. प्रथिनं भरपूर. पण स्पंज आधी तळतात, आणि मग साखर पितो तोच. दोन तुकडे, जास्त नाहीत. इथल्या बायका नववर्षाला हा आवर्जून करतात, कारण उच्चार 'नवऱ्यावर विसंबणं' यासारखा होतो. हे कळल्यावर आमच्याकडे दर वेळी माझ्या वाटच्या तुकड्यांचा हिशोब होतो.

कुरकुर इथून सुरू. मेन्यूचं अर्धं पान नकली मांसाचं आहे: 'कोंबडी', 'बदक', 'फासळ्या', 'हॅम'. कारागिरी बघण्यासारखी, टोफूच्या पापुद्र्याचे थर लावून कोंबडीची कातडी दिसावी असं केलेलं. पण बहुतेक तळलेलं, साखरेच्या पाकात घोळलेलं आणि मिठानं भरलेलं. शिवाय सगळं घरी बनत नाही. एकदा 'हॅम' खाताना संशय आला म्हणून मी पाकीट मागितलं. आयींनी आतून आणून दिलं. घटकांच्या यादीत अंड्याचा पांढरा भाग. 'सू' म्हणजे अंडं-दूध चालतं असंही असतं, पूर्ण व्हीगनसाठी 'छुनसू' म्हणावं लागतं. मेन्यूवर हा फरक कुठंच लिहिलेला नाही, आणि हे मला खटकलं. बाईंनी मात्र वाद घातला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच हाताची फुली करून दाखवली.

दुसरी कुरकुर मशरूम नूडल्सची. २२ युआन, वर शिताके आणि पांढऱ्या मशरूमचा ढीग, लोक याचसाठी येतात. रस्सा सुंदर, पण खारट. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दोन ग्रॅमच्या वर मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाचच्या आत ठेवा म्हणते. मी नूडल्स आणि मशरूम काढून खाते, रस्सा वाडग्यातच ठेवते. पहिल्यांदा आयींना वाटलं आवडला नाही. आता मागवतानाच "शाव यौ, शाव येन" म्हणते, तेल कमी, मीठ कमी. भाज्यांना ते खरंच पाळतात. रस्सा सकाळीच शिजलेला असतो, तिथं कोण काय करणार. आणि टेबलावरच्या कागदी रुमालांचे दोन युआन बिलात लावतात. न फोडलेलं पाकीट परत करा, वजा होतात.

सध्या बुधवारी दुपारी आम्ही दोघं जातो तेव्हा हे घेतो: ठेचलेली काकडी, काळ्या बुरशीचं ल्यांगबान, एक हिरवी पालेभाजी छिंगछाव, थंड टोफू, एक वाटी भात. १०० युआनच्या आत. बी-१२ ची गोळी घरी असते, ती टोफूतून येत नाही. चार महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १८० वर आले. बाहेर जेवणं बंद केलेलं नाही.

सासूबाई परत जाताना आयींना शेंगदाण्याची चिक्की देऊन गेल्या. हिंगाची डबीही द्यायची होती, मी अडवलं.

खानावळ सोमवारी बंद असते. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला साडेअकराच्या आत पोचा, नंतर नूडल्स उरत नाहीत. उरलं तर फक्त 'बदक'.