पीडीबीई-पिसा: जोडीचा हिशोब चोख, चौकडीचा जरा जपून

पिसा ही प्रथिनांच्या साखळ्यांमधले सांधे तपासणारी वेबसेवा फुकट आहे, लॉगिन मागत नाही आणि पीडीबी या प्रथिन-रचनांच्या साठ्यातल्या नोंदीच्या चार अक्षरांच्या कोडवर काम भागतं. इंग्लंडमधल्या हिंक्स्टनच्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटची ही सेवा. तिच्यामागची पद्धत क्रिसिनेल आणि हेन्रिक यांनी २००७ साली मांडली. स्फटिकात प्रथिनाच्या साखळ्या दाटीवाटीने बसतात. त्यातल्या कोणत्या एकमेकींना खरोखर धरून आहेत आणि कोणत्या नुसत्या गर्दीत टेकल्या आहेत, एवढंच ती सांगते. लेखकांच्या चाचणीत ८० ते ९० टक्के रचना बरोबर ओळखल्या गेल्या. उरलेल्या १०-२० टक्क्यांत आपलं एन्झाइम असू शकतं, हे धरूनच वापरायला बसावं.

परीक्षेला जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज) हे एन्झाइम घेणं सोयीचं. ५१५ अमिनो आम्लांची, सुमारे ५९ किलोडाल्टनची साखळी; जनुक एक्स गुणसूत्रावर. साखळी एकटी असेल तर निकामी, दोघींची जोडी (डायमर) किंवा दोन जोड्यांची चौकडी (टेट्रामर) झाली तरच काम करते. जोडी ढिली पडली की तांबड्या पेशीत तिला जपणारं एनएडीपीएच कमी पडतं आणि प्राइमाक्विनसारखं मलेरियाचं औषध पोटात गेलं की पेशी फुटायला लागतात. म्हणून जी६पीडीच्या कमतरतेच्या या आजारात सांधा कुठे आहे आणि किती घट्ट आहे हा प्रश्न थेट रुग्णापर्यंत पोचतो.

सुरुवात २बीएच९ या नोंदीपासून करा. रिझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारकावा, २.५ आंगस्ट्रॉम (आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). साधा व्ह्यूअर उघडून ‘असिमेट्रिक युनिट’ पाहिलं तर साखळी एकच दिसते आणि नवखा माणूस ‘हे तर मोनोमर (एकटी साखळी)’ म्हणून मोकळा होतो. स्फटिकशास्त्रात असिमेट्रिक युनिट म्हणजे छापायचा ठसा. पूर्ण नक्षी सममितीने उमटवावी लागते. पिसा ती आपणहून उमटवते. कोड टाका, ‘इंटरफेसेस’ (सांधे) दाबा. यादीत डावीकडे साखळी ए आणि उजवीकडेही साखळी ए दिसते, पण उजवीच्या पुढे सममितीचं सूत्र असतं. ते सूत्र म्हणजे जोडीदारीण.

त्या यादीत चौकोनी कंसातल्या ओळीही येतात. ते लिगंड, म्हणजे प्रथिनाला चिकटलेले छोटे रेणू, इथे एनएडीपी. या नोंदीत प्रत्येक साखळीला दोन एनएडीपी आहेत: एक अभिक्रियेत भाग घेणारा, दुसरा ‘स्ट्रक्चरल’, म्हणजे जोडीच्या सांध्याजवळ बसून घडी सांभाळणारा. साखळी-साखळी आणि साखळी-लिगंड यांच्या ओळी एकत्र मिसळलेल्या असल्यामुळे पहिल्याच ओळीवर विश्वास ठेवून क्षेत्रफळ उतरवून घेऊ नका. दोन्ही बाजूंना प्रथिन आहे ना, ते आधी बघा. लिगंड हिशोबात धरायचे की वगळायचे हे सुरुवातीच्या पानावर ठरवता येतं. जी६पीडीसाठी ते धरूनच आणि वगळून, दोन्ही वेळा चालवावं. स्ट्रक्चरल एनएडीपी काढल्यावर आकडे हलतात की नाही हेच तर पाहायचं असतं.

आता रकाने. इंटरफेसचं क्षेत्रफळ म्हणजे दोघी मिळाल्यावर पाण्यापासून झाकल्या गेलेल्या एकूण पृष्ठभागाचा अर्धा भाग, चौरस आंगस्ट्रॉममध्ये. पी-व्हॅल्यू ०.५ च्या खाली असेल तर सांध्यातला भाग सरासरीपेक्षा जास्त जलविरोधी, म्हणजे मुद्दाम घडलेला असण्याची शक्यता. वर असेल तर संशय घ्यावा. एका ओळीच्या तपशिलात गेलात की अमिनो आम्लांची यादी येते आणि किती भाग झाकला गेला ते उभ्या रेघांनी दाखवलेलं असतं, एक रेघ साधारण दहा टक्क्यांची. सगळ्या सेवेत वापरायला सर्वांत सुखाचं पान हेच. पेशंटच्या रिपोर्टमधलं म्युटेशन या यादीत आहे का, हे दोन मिनिटांत कळतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डेल्टा-जीच्या रकान्यात. इंटरफेसच्या पानावरचा हा आकडा फक्त पाणी बाजूला सरल्याने मिळणाऱ्या ऊर्जेचा आहे. हायड्रोजन बंध आणि मिठाचे पूल, म्हणजे सॉल्ट ब्रिज, त्यात धरलेले नाहीत. ते शेजारच्या रकान्यात नुसते मोजून ठेवलेत. जलविरोधी सांध्याला हे चालून जातं. पण मानवी जी६पीडीची पहिली रचना २००० साली आली (१क्यूकेआय, ३ आंगस्ट्रॉम), तेव्हाच दिसलं की दोन जोड्या मिळून चौकडी होते ती मोजक्याच स्पर्शांवर, आणि ते स्पर्श धन-ऋण प्रभारांचे आहेत. अशा सांध्याला नुसत्या डेल्टा-जीने तोलणं म्हणजे सोनाराच्या काट्यावर भाजी तोलणं. काटा खोटा नाही, माल त्याचा नाही. चौकडीसाठी ‘असेंब्लीज’च्या पानावरचा विघटनाचा डेल्टा-जी पाहावा. तिथे बंधही धरलेले असतात आणि सुटं झाल्यावर वाढणारी एन्ट्रॉपीही. तो शून्याच्या वर असेल तर रचना टिकाऊ मानतात. शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर त्यावर वाक्य लिहू नका.

प्रयोगशाळेतलं वागणंही याला धरूनच आहे. पीएच ६ च्या आसपास हे एन्झाइम चौकडीकडे झुकतं, पीएच ८ च्या वर गेला किंवा द्रावणात मीठ वाढवलं की जोड्यांमध्ये सुटतं. प्रभारांचा सांधा मिठाने सुटणारच. पिसाचं उत्तर मात्र त्या एका स्फटिकाचं. तुमच्या बफरचं नाही. चौकडीबद्दल काही ठाम म्हणायचं असेल तर जेल फिल्ट्रेशन किंवा अ‍ॅनालिटिकल अल्ट्रासेंट्रिफ्यूज (द्रावणातल्या रेणूंचा आकार जोखणाऱ्या पद्धती) हवंच, आणि बफरची कृती सोबत लिहायला हवी.

१क्यूकेआय वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यात आठ साखळ्या आहेत, ए ते एच, म्हणजे दोन चौकड्या. इंटरफेसची यादी लांबलचक येते आणि तोच सांधा पुन्हा पुन्हा दिसतो. शिवाय हे एन्झाइम मूळ रूपातलं नसून ‘कॅन्टन’ प्रकारचं आहे, ४५९व्या जागी आर्जिनिनऐवजी ल्युसिन. आणि ३ आंगस्ट्रॉमला बाजूच्या साखळ्यांची टोकं नीट दिसत नाहीत, त्यामुळे ‘हायड्रोजन बंध १७ की १९’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

क्रमांकांचा सापळा वेगळाच. जी६पीडीचं ५४५ अमिनो आम्लांचं लांब रूपही डेटाबेसमध्ये आहे आणि काही जनुकीय रिपोर्ट त्यावरून आकडे देतात. तेव्हा ३० वजा करा. रिपोर्टात ४८९ लिहिलं असेल तर ते कॅन्टनचं ४५९; २१८ म्हणजे मेडिटेरेनियन प्रकारातलं १८८. आपल्याकडच्या ‘कल्याण’ प्रकाराचंही तसंच. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेला हा प्रकार पुढे १९९२ मध्ये केरळच्या प्रकाराशी एकच निघाला: ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन, लांब मोजणीत ३४७. वजाबाकी विसरलात तर पिसाच्या यादीत भलतंच अमिनो आम्ल शोधत बसाल, आणि ते सापडलं तर आणखी वाईट.

पिसाला म्युटेशनचा परिणाम विचारू नये. ती दिलेले अणू जागच्या जागी धरून हिशोब करते, घडी विस्कटलेली तिला दिसत नाही. सर्वांत गंभीर प्रकारांतली बरीच म्युटेशन्स स्ट्रक्चरल एनएडीपी आणि जोडीच्या सांध्याभोवती दाटलेली आहेत, आणि त्यांचा घाव मुख्यतः स्थैर्यावर बसतो. साखळीच्या क्रमातलं एक अक्षर बदलून ती आल्फाफोल्ड सर्व्हरवर, म्हणजे क्रमावरून रचनेचा अंदाज बांधणाऱ्या सेवेवर, टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे चौकडी बसतेही आरामात: चार साखळ्यांचे २०६० टोकन (अमिनो आम्लामागे एक), चार एनएडीपींचे अणुगणिक ४८ प्रमाणे १९२, एकूण २२५२, मर्यादा ५०००. पण एका अक्षराच्या बदलाने स्थैर्य किती घटलं हे सांगायला ते बनवलेलंच नाही. बिघडलेल्या प्रकाराचंही चित्र देखणंच येतं. प्राइमाक्विन द्यायचं की नाही, हे तर रक्तातल्या एन्झाइमच्या सक्रियतेवरच ठरतं.

पानाची मांडणी जुन्या धाटणीची, मोबाइलवर तर वाचवत नाही. निकालाचा दुवा सेशनला बांधलेला असतो, त्यामुळे सहकाऱ्याला तो पाठवून उपयोग नाही. निकाल हाताशी असतानाच एक्सएमएल उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात नोंदीचा कोड, लिगंड धरले की वगळले, आणि तारीख टाका. सांधा खरा की स्फटिकाचा याबद्दल दुसरं मत हवं असेल तर एपिक नावाची सेवा आहे. ती ऊर्जेऐवजी उत्क्रांतीत कोणती अमिनो आम्लं जपली गेली त्यावरून बोलते. दोघींचं जोडीवर एकमत आणि चौकडीवर मतभेद झाला, तर दोन्ही उत्तरं प्रबंधात तशीच छापा.