नमाजच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप, आठ महिने वापरून

घरापर्यंत अजानचा आवाज येत नाही आणि दिवसभर ऑफिस, त्यामुळे माझी पाचही वेळची नमाज फोनच्याच भरवशावर. आधी दुसरं एक अ‍ॅप होतं, ते का काढलं हे आधी सांगते कारण मुद्दा तिथेच आहे.

रमजानमध्ये एकदा मस्जिदीचं टाइमटेबल हातात आलं आणि बघितलं तर आमच्या अ‍ॅपमधली फजर, म्हणजे पहाटेच्या नमाजची वेळ, त्याच्यापेक्षा चांगली १३ मिनिटं उशिरा. म्हणजे सहरीची, रोजाआधी पहाटे खाण्याची, वेळ संपल्यावरही मी खात होते!! खूप वाईट वाटलं. मग शोधलं तेव्हा कळलं की पहाटे सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली असताना फजर सुरू धरायची यावर वेगवेगळ्या पद्धती आहेत, कराचीचं इस्लामी विद्यापीठ आणि मुस्लिम वर्ल्ड लीग ही मक्केतली संस्था १८ अंश धरतात, उत्तर अमेरिकेतली पद्धत १५ अंशाची. तीन अंशांचा फरक म्हणजे कमीत कमी १२ मिनिटं. अ‍ॅपने १५वाली आपोआप लावलेली आणि मला कुठे सांगितलंच नाही. आलिमांना, म्हणजे धर्माच्या जाणकारांना, विचारून ते रोजे नंतर कजा केले, म्हणजे पुन्हा धरून भरून काढले.

आताचं अ‍ॅप उघडल्या उघडल्या पद्धत विचारतं, असरचंही (दुपारनंतरची नमाज) विचारतं. हे मला फार आवडलं, कारण माझं माहेर शाफई आणि सासर हनफी, सुन्नींमधले हे दोन वेगळे पंथ. शाफईंमध्ये दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की असर सुरू, हनफींमध्ये दुप्पट झाली की. नवऱ्याच्या फोनवर असर वाजते तोपर्यंत माझी पढून होऊन बराच वेळ झालेला असतो. लग्नानंतर सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या अगं इतक्या लवकर कशी, आता त्यांनाच दोन्ही सेटिंग दाखवलेत.

किब्ल्याचा, म्हणजे नमाजसाठी मक्केतल्या काबाची दिशा दाखवणारा, कंपास ठीकठाक. फोनच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर भलतीकडेच दाखवतो, कव्हर काढा, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा मग सुधारतो. खात्री करायची असेल तर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर काबाच्या डोक्यावर येतो, २७-२८ मेला मक्केच्या घड्याळाने १२:१८ ला आणि १५-१६ जुलैला १२:२७ ला, त्या क्षणी तुमच्याकडे ऊन असेल तर सूर्य ज्या दिशेला तोच किब्ला. मी जुलैमध्ये खिडकीत उभी राहून बघितलं, कंपास थोडासाच चुकत होता.

नमाजची नोंद ठेवायची सोय आहे, त्यात बायकांसाठी वेगळं बटण दिलंय, पाळीच्या दिवसांत दाबलं की त्या नमाजा चुकल्या असं लाल रंगात दाखवत नाही. बरोबरच आहे ना, त्या दिवसांतल्या नमाजा माफच असतात, रोजे तेवढे नंतर भरून काढायचे, तर त्याचाही हिशोब ते बाजूला ठेवतं. जुन्या अ‍ॅपमध्ये दर महिन्याला सगळं लाल दिसायचं आणि उगाच मन खट्टू व्हायचं.

आता तक्रारी. फोनची बॅटरी वाचवायची सेटिंग चालू असली की अजान वाजतच नाही, माझ्या दोन-तीन असर अशाच गेल्या, त्या सेटिंगमधून हे अ‍ॅप वगळावं लागतं आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. फुकटच्या व्हर्जनमध्ये अजान संपते न संपते तोच गाण्याची जाहिरात सुरू होते, हे अजिबात सहन होत नाही, वुजू करून (नमाजआधी हातपाय-तोंड धुऊन) आलेल्या माणसाला त्यावेळी शांतता हवी असते. लोकेशनची परवानगी सतत मागतं, मी दिली नाही, शहर हाताने टाकलं तरी वेळा नीट येतात, मग आपण पाच वेळा कुठे असतो हे कंपनीला कशाला कळायला हवं? हिजरी तारीख कधीकधी एक दिवस पुढे असते, चंद्रदर्शनाप्रमाणे ती आपण मागे घेऊ शकतो.

पाचपैकी चार स्टार. अजाननंतरची जाहिरात बंद केली तर पाचवा त्याच दिवशी देईन.