सायक्लॉप्स की सीट्रक?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, समुद्रापासून इतक्या लांब बसून पाण्याची धास्ती वाटावी, हे ‘सबनॉटिका’ (2018) या समुद्राखाली घडणाऱ्या व्हिडिओ गेमचं खरं यश. त्यात मोठा वाटा सायक्लॉप्सचा. 54 मीटर लांबीची ही पाणबुडी म्हणजे चालतं-फिरतं घरच. इंजिनाचे तीन वेग. सगळ्यात वरचा फार वेळ ठेवला की इंजिन तापतं, आग लागते. मग सुकाणू सोडून मागे पळायचं आणि अग्निशामक घेऊन आग विझवायची. बाहेर लेव्हायथन, म्हणजे गेममधला महाकाय जलचर, घुटमळत असेल तर आवाज कमी करून सरकायचं. यान जपावं लागतं, म्हणूनच बाहेरचं जग खरं वाटतं.

‘बिलो झीरो’ या पुढच्या गेममधली (2021) सीट्रक ही पाणबुडी सुटसुटीत. केबिनमागे हवे ते डबे जोडा: साठवण, झोपायची जागा, मत्स्यालय. डबे वाढले की वेग घटतो, नको तेव्हा सोडून द्या. नकाशा लहान, गुहा अरुंद, तिथे हीच रचना शोभते. पण तिच्यात जीव अडकत नाही.

आमच्या पुण्यातल्या ग्रुपमध्ये सोयीसाठी सीट्रकला मत देणारे बरेच आहेत. माझं मत सायक्लॉप्सलाच, आणि नव्याने खेळणाऱ्यानेही तिथूनच सुरुवात करावी.