सनस्क्रीन, रेटिनॉइड की व्हिटॅमिन सी : आधी काय घ्यावे?

त्वचेचे तारुण्य टिकवण्यासाठी एखादेच उत्पादन घ्यायचे असेल, तर खरी निवड सनस्क्रीन, रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए गटातील द्रव्य) आणि व्हिटॅमिन सीचे सीरम या तिघांतच करावी लागते. तिन्हींच्या वेष्टनांवरील दावे जवळपास सारखे असले, तरी त्यांची कामे निरनिराळी आहेत आणि त्यांमागचे पुरावेही सारख्या तोलाचे नाहीत.

माझ्या मते पहिला मान निःसंशय सनस्क्रीनचा आहे. सूर्यप्रकाशातील यूव्हीए हे अतिनील किरण ढगांतून आणि खिडकीच्या काचेतूनही आत येतात, त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तेथील कोलॅजेन (त्वचेला घट्ट ठेवणारे प्रथिन) मोडणारी विकरे (एन्झाइम) वाढवतात. ऑस्ट्रेलियात ९०० हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वार्धक्याच्या खुणा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळल्या. एसपीएफचा (सनस्क्रीनच्या संरक्षणाचे माप) आकडा मात्र मुख्यतः यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांविषयी बोलतो, म्हणून ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (दोन्ही किरणांपासून संरक्षण) हे शब्द पाहूनच खरेदी करावी. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवते, असे असूनही ५० घेणे शहाणपणाचे. कारण हे मोजमाप दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतक्या जाड थरावर केलेले असते आणि बहुतेक जण त्याहून बरेच कमी लावतात. सावळ्या त्वचेवर काळे डाग लवकर उमटत असतील, तर आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते, कारण दृश्य प्रकाशामुळेही असे डाग गडद होतात.

आधीच उमटलेल्या बारीक सुरकुत्यांसाठी रेटिनॉइडला पर्याय नाही. त्यातही ट्रेटिनॉइन आणि रेटिनॉल यांत फरक आहे. ट्रेटिनॉइन हे औषध असून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे. ते थेट काम करते आणि त्यामागचा अभ्यास सर्वांत भक्कम आहे. रेटिनॉलचे मात्र त्वचेत दोन टप्प्यांत रूपांतर व्हावे लागते, त्यामुळे ते सौम्य असते आणि परिणामही सावकाश दिसतो. दोन्हींमुळे सुरुवातीचे काही आठवडे कोरडेपणा, लाली, सालपटे हा त्रास होऊ शकतो, आणि नेमके याच टप्प्यावर अनेक जण ट्यूब बाजूला टाकतात. आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढ्या प्रमाणात सुरुवात केली, तर हा काळ बराच सुसह्य होतो; सुरकुत्यांतील फरक मात्र काही महिन्यांनीच जोखावा. गर्भवती असलेल्यांनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्यांनी रेटिनॉइड टाळावे.

व्हिटॅमिन सी मी तिसऱ्या स्थानी ठेवतो. ते सनस्क्रीनला पूरक ठरते आणि डागही थोडे उजळवते, परंतु त्याचा एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड हा प्रकार हवा व उजेड लागताच खराब होऊ लागतो. १० ते २० टक्क्यांचे, हवाबंद, गडद रंगाच्या बाटलीतले सीरम घ्यावे. ते तपकिरी झाल्यास टाकून द्यावे.

उरला प्रश्न कोलॅजेन क्रीमचा. कोलॅजेनचे रेणू त्वचेत शिरण्यास फार मोठे असतात, त्यामुळे हे क्रीम वरच्या थरातला ओलावा टिकवते, इतकेच. आणि ते काम साधे मॉइश्चरायझरही तितक्याच चोखपणे करते.