३५ मिलिमीटर की १२०? संसार सांभाळून फिल्मकडे परतणाऱ्या पोर्ट्रेट छायाचित्रकारासाठी

लग्न, बारसे, साखरपुडा आणि स्टुडिओतले पोर्ट्रेट यांवर ज्यांचे घर चालते, ज्यांच्या घरी लहान मुले आणि वडीलधारी माणसे आहेत आणि तरीही ज्यांना पुन्हा रोल भरून फोटो काढावेसे वाटतात, अशा नाशिकच्या व्यवसायबंधूंसाठी हा आढावा लिहीत आहे. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा दोन पर्याय असतात. एक म्हणजे निकॉन एफएम-२ किंवा पेंटॅक्स के-१००० यांसारखा ३५ मिलिमीटरचा जुना कॅमेरा आणि दुसरा म्हणजे यशिका मॅट-१२४जी यांसारखा १२० चा, म्हणजे ३५ पेक्षा रुंद फिल्मचा, रोल घेणारा, दोन भिंगांचा, वरून पाहायचा कॅमेरा. मी दोन्ही वापरतो आणि दोन्हींवर माझा जीव आहे. पण घरातल्या माणसाने आधी कोणता घ्यावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे.

डिजिटलशी तुलना थोडक्यात आटोपतो. गिऱ्हाइकाचे काम डिजिटलवरच राहू द्यावे. मुहूर्त दुसऱ्यांदा येत नाही आणि फोटो त्याच रात्री मोबाईलवर मिळावेत ही लोकांची अपेक्षा आता रास्त मानावी लागते. फिल्म घ्यायची ती घरासाठी आणि स्वतःच्या मनाजोग्या पोर्ट्रेटसाठी. म्हणून कॅमेरा निवडताना माझी कसोटी भिंगाच्या तीक्ष्णतेची नाही, तर संध्याकाळची आहे. लग्नसराईत फोटो निवडणे, रंग जुळवणे आणि अल्बमची पाने लावणे यांत आपली संध्याकाळ जाते, आणि माणूस घरात असूनही घरच्यांच्या वाट्याला येत नाही. फिल्मवरचे फोटोही स्कॅन होऊन त्याच संगणकावर येऊन पडणार असतील, तर घरासाठी काहीच मोकळे झाले नाही.

३५ च्या रोलवर २४ × ३६ मिलिमीटरच्या ३६ फ्रेम येतात. १२० च्या रोलवर चौकोनी फोटो फक्त १२ येतात, पण त्यातली प्रत्येक फ्रेम सुमारे ५६ × ५६ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी असते. त्वचेचा पोत, कपाळावरून गालाकडे उतरणारा उजेड आणि पिकल्या केसांमधल्या करड्या छटा या गोष्टी मोठ्या निगेटिव्हवर ज्या सहजतेने उतरतात, ती सहजता ३५ वर येत नाही. एवढ्यावरून निवड करायची असती तर प्रश्न इथेच मिटला असता.

परंतु घरातला उजेड कमी असतो आणि मुले स्थिर बसत नाहीत. ३५ च्या कॅमेऱ्यासोबत एफ १.८ चे ५० मिलिमीटर भिंग स्वस्तात मिळते (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो); यशिकाचे ८० मिलिमीटर भिंग मात्र एफ ३.५ च्या पुढे उघडत नाही. हा फरक जवळजवळ दोन स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माजघरात, एकाच खिडकीच्या उजेडात ३५ ला जिथे साठांश सेकंद मिळतो, तिथे १२० ला पंधरांश सेकंदावर यावे लागते, आणि तेवढ्या वेळात आजी स्थिर राहते, पण तिच्या मांडीवरचा नातू राहत नाही. फ्रेम मोठी असल्यामुळे मागचा भाग धूसर होण्याच्या बाबतीत दोन्ही भिंगे जवळपास सारखीच ठरतात. म्हणजे १२० वर धूसरपणा तेवढाच मिळतो, पण त्यासाठी प्रकाशाची किंमत जास्त मोजावी लागते.

फक्त चेहऱ्याने फ्रेम भरायची असेल तरीही ३५ चे पारडे जड आहे. यशिका साधारण एक मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही आणि तेवढ्या अंतरावरून तिच्यात डोके, खांदे आणि छातीपर्यंतचा भाग येतो. निकॉनचे १०५ मिलिमीटर एफ २.५ भिंगही एक मीटरवरच थांबते, पण त्यात एकटा चेहरा भरून येतो. ज्यांचे मन जवळच्या पोर्ट्रेटमध्येच रमते त्यांनी या मुद्द्याला माझ्यापेक्षा जास्त वजन द्यावे.

आता दुसरी बाजू. दोन भिंगांचा कॅमेरा पोटाजवळ धरून वरून काचेत पाहायचा असतो, त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही आणि भिंग आपोआप मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येते. समोरचे मूल आपल्याशी बोलत राहते. कॅमेरा डोळ्याला लावताक्षणी घरची माणसे जी 'फोटोची' मुद्रा धारण करतात, ती इथे फार कमी दिसते. काचेतली प्रतिमा डावी-उजवीकडे उलटी असते, त्यामुळे धावत्या मुलाच्या मागे कॅमेरा फिरवणे नवख्याला जवळजवळ अशक्य होते. पण ओसरीवर बसलेले आजोबा, अभ्यास करणारी मुलगी किंवा गच्चीत पापड वाळत घालणारी आई यांच्यासाठी मला याहून चांगला कॅमेरा माहीत नाही. शटर भिंगातच असल्यामुळे त्याचा आवाज जेमतेम येतो आणि स्टुडिओतला फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंत शटरच्या कोणत्याही वेगाला जुळतो. एफएम-२ च्या नंतरच्या आवृत्तीत ही मर्यादा १/२५० आहे आणि १९८२ च्या पहिल्या आवृत्तीत १/२०० होती.

प्रकाशमापनाबद्दल एक सूचना नाशिककरांसाठी विशेष महत्त्वाची आहे. गोदाघाटावर नारोशंकर किंवा सुंदरनारायण मंदिराजवळच्या काळ्या पाषाणासमोर माणूस उभा केला, तर ३५ च्या कॅमेऱ्यातला मीटर काळ्या दगडाला करडा समजतो आणि चेहरा गरजेपेक्षा उजळ नोंदवतो. निगेटिव्ह फिल्म एखाद्या स्टॉपची उधळपट्टी सहन करते, तरी त्याच उजेडात आपला तळहात धरून त्यावरून मोजमाप घ्यावे आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा, हे उत्तम. यशिकाच्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता तयार होत नाही, म्हणून तिथे हातातला मीटर किंवा मोबाईलमधले अ‍ॅप वापरण्याची तयारी ठेवावी.

खर्चाकडे पाहिले तर १२० महाग आहे, यात शंका नाही. रोलच्या किमतीत फार फरक नसला, तरी १२ फोटोंवर वाटली जाणारी किंमत प्रत्येक फोटोमागे साधारण तिप्पट होते. धुलाईतही तेच आहे: रोल धुण्याच्या पॅटर्सन टाकीत ३५ च्या रोलला २९० मिलिलिटर द्रावण पुरते, १२० ला ५०० लागते. तरीही संसारी माणसाच्या दृष्टीने १२ फ्रेमचा एक लाभ मला या हिशेबापेक्षा मोठा वाटतो. ३६ फ्रेमचा रोल घरात संपत नाही. गुढीपाडव्याला भरलेला रोल गणपतीपर्यंत कॅमेऱ्यात राहतो, मधले दोन वाढदिवस आणि एक सहल त्यात अडकून पडते आणि शेवटी काय काढले होते हेही आठवत नाही. १२ फोटो मात्र रविवारच्या एका सकाळी सोमेश्वरला किंवा घरच्या अंगणात संपतात, दुपारी रोल धुऊन टांगता येतो आणि संध्याकाळी ज्यांचे फोटो काढले त्यांच्याच हातात ते देता येतात.

ते हातात कसे द्यायचे, हाच माझ्या निर्णयाचा गाभा आहे. १२० च्या निगेटिव्हला मोठे करण्याची गरज नसते. सुकलेल्या रोलच्या तीन-तीन फ्रेमच्या चार पट्ट्या कापल्या, त्या ८ × १० इंचाच्या कागदावर ठेवून वर जाड काच दाबली आणि कमी वॅटचा दिवा काही सेकंद लावला, की बाराही फोटो त्यांच्या मूळ आकारात एका कागदावर येतात. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठे करून कागदावर पाडणारे यंत्र, लागत नाही, स्कॅनर लागत नाही, संगणक तर नाहीच. आपल्याकडच्या अनेक घरांत आग्फा क्लिक-३ होता. त्यातही हाच १२० चा रोल जात असे आणि जुन्या अल्बममध्ये कोपऱ्यांच्या चिमट्यांत बसवलेले जे छोटे चौकोनी कृष्णधवल फोटो सापडतात, त्यांतले कित्येक असेच थेट निगेटिव्हवरून काढलेले असतात. ३५ च्या पट्ट्यांची अशी कॉपी काढली तर फ्रेम टपाल तिकिटाएवढी येते आणि चेहरा पाहायला भिंग घ्यावे लागते. म्हणून ३५ वापरणारा शेवटी स्कॅनकडे, म्हणजेच संगणकाकडे वळतो.

आमच्या घरी हे काम न्हाणीघरात चालते. दाराच्या फटीला जुने काळे कापड, वर लाल दिवा, फळीवर चार ट्रे. डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये कागद सरकवला की काही क्षण तो कोराच दिसतो. मग आधी केस, भुवया, शर्टाची किनार अशा काळ्या गोष्टी उमटतात आणि चेहरा सगळ्यांत शेवटी भरतो. मुलगी स्टुलावर उभी राहून घड्याळ पाहते आणि मिनिट झाले की सांगते. चिमट्याने कागद उचलण्याचे काम मी अजून तिला देत नाही.

कृष्णधवल रोल घरी धुणे अवघड नाही, मात्र नाशिकच्या हवामानाचा विचार करावा लागतो. एचपी-५ प्लस हा कृष्णधवल रोल आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटांत होतो. एप्रिल-मे महिन्यात नळाचे पाणी त्यापेक्षा बरेच गरम असते आणि तापमान वाढले की वेळ कमी करावा लागतो. पण तो पाच मिनिटांच्या खाली गेला तर फिल्म एकसारखी धुतली जात नाही. त्यामुळे उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये तेवढेच पाणी घालावे, म्हणजे २० अंशांना १३ मिनिटे लागतात आणि उष्णतेमुळे वेळ घटला तरी हाताशी पुरेसा राहतो. बाटल्या बर्फाच्या घमेल्यात ठेवून तापमान उतरवणे हा आणखी चांगला उपाय आहे. निफाडकडे पारा घसरतो त्या दिवसांत उलट पाणी कोमट करून घ्यावे लागते. डेव्हलपर आणि हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) यांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून त्या कुलपात ठेवाव्यात; सरबताच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत रसायन कधीही भरू नये.

न्हाणीघर दोन तास अडवायचे तर घरच्यांची मनापासून संमती हवी. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला छिद्रे पाडली, फिल्म धुतली आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. एवढा भार आज कोणी कोणावर टाकू नये, आणि आपल्या हौसेसाठी मुलांचे जेवण आणि अभ्यास जोडीदाराच्या एकटीच्या माथी मारूनही डार्करूम थाटू नये. माझ्या अनुभवात रविवारची दुपार सगळ्यांना मानवते. इतर दिवशी रात्री मुले झोपल्यावर फक्त रोल धुवावा, कॉपी काढू नये.

जुना कॅमेरा घेताना दोन्ही प्रकारांत तपासणी सारखीच आहे. भिंगातून मोबाईलचा टॉर्च आरपार टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का, ते पाहावे. कोकणात किंवा मुंबईत पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. एक सेकंदाच्या वेगावर शटर अडखळत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरावा. ३५ मध्ये मागच्या झाकणाचा फोम चिकट झालेला असतो, तो बदलणे सोपे आहे. पावसाळ्यात दोन्ही कॅमेरे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत.

तर निर्णय असा. घरात रांगणारे किंवा पळणारे मूल असेल आणि फोटो मुख्यतः घराच्या आत निघणार असतील, तर आज ३५ घ्या, ५० मिलिमीटर एफ १.८ भिंग घ्या आणि स्कॅनचे काम प्रयोगशाळेवर सोपवा. मुले शाळेत जाऊ लागली असतील, घरात म्हातारी माणसे असतील आणि तुम्हाला पडद्यापासून सुटका हवी असेल, तर खर्च जास्त असूनही १२० घ्या. त्यातही म्हातारी माणसे असतील तर हा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलू नका.

रंगीत रोलसाठी मात्र घरच्या धुलाईचा मोह टाळावा. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांवर काटेकोर स्थिर ठेवावा लागतो आणि मुलांच्या गोंगाटात ते जमत नाही. दिवाळीचा एखादा रंगीत रोल कुरियरने मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवावा आणि पाठवतानाच निगेटिव्ह परत हवे असल्याचे चिठ्ठीवर लिहावे, कारण स्कॅन पाठवून मूळ निगेटिव्ह न मागितल्यास ते परत येईलच असे धरून चालता येत नाही.