बुशी पार्करन: पहिल्यांदा पळायला जाणाऱ्यांसाठी

नुकतं पळायला लागलेल्या माणसाला चारचौघांत पळायची धास्ती असते ती एकाच गोष्टीची: आपण शेवटी राहिलो तर? पार्करन म्हणजे दर शनिवारी सगळ्यांनी मिळून पळायची पाच किलोमीटरची धाव. तिच्यात शेवटचा नंबर आधीच ठरलेला असतो आणि तो स्वयंसेवकाचा असतो. त्याला ‘टेल वॉकर’ म्हणतात. तो सगळ्यांच्या मागून चालतो आणि तुम्ही पोहोचल्याशिवाय स्वतः रेषा ओलांडत नाही. पाचही किलोमीटर चालत जाऊन तासभर लागला तरी कुणी काही म्हणत नाही. नवशिक्यासाठी याहून चांगली सोय आम्हाला माहीत नाही.

लंडनच्या टेडिंग्टनजवळचं बुशी पार्क हे पार्करनचं माहेर. 2 ऑक्टोबर 2004 ला इथे 13 जण पळाले होते. आता दर शनिवारी सकाळी नऊला हजाराच्या वर माणसं जमतात. पैसे लागत नाहीत. संकेतस्थळावर एकदाच नाव नोंदवायचं, मग मिळालेला बारकोड जगातल्या कुठल्याही पार्करनला चालतो. तो फोनवर दाखवता येतो, पण पावसात ओल्या बोटांनी फोन उघडत बसण्यापेक्षा कागदावर छापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला बरा. बारकोड नसेल तर पळू देतात, वेळ मात्र नोंदली जात नाही. आपल्याकडच्या मॅरेथॉनसारखं बिब (छातीवरचा क्रमांक), चिप (प्रत्येकाची वेळ आपोआप नोंदणारी), मेडल काही नाही, वाटेत पाणीही नाही.

हॅम्प्टन कोर्ट स्टेशनवर उतरून, पूल ओलांडून, राजवाड्याच्या कडेने चालत यायला अर्धा तास हाताशी ठेवा. पावणेनऊपर्यंत डायना कारंज्यापाशी पोहोचा, म्हणजे नव्यांसाठीची छोटी माहिती ऐकायला मिळते. ती चुकवू नका.

वाट सपाट आहे, पण सगळी डांबरी नाही. गवत आणि खडी आहे, हिवाळ्यात चिखल होतो. लेसला दुहेरी गाठ मारा, कोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. सुती टी-शर्ट घामाने जड होतो आणि काखेत घासतो. पार्कात हरणं मोकळी फिरतात, त्यांच्यापासून 50 मीटर लांब राहायचं.

बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्याच किलोमीटरमध्ये. पुढचा लोंढा सुटला की पाय आपोआप त्याच्या वेगाने पडतात आणि दुसऱ्या किलोमीटरला धाप लागते. म्हणून मागे उभे राहा. चिप नसल्यामुळे घड्याळ सगळ्यांसाठी एकदमच सुरू होतं, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेपर्यंत जायला लागलेला वेळही तुमच्या खात्यात पडतो. पहिल्या खेपेला तो पडू द्या. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. तीन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, हेही उत्तम. चालताना मात्र कडेला व्हा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटची रेषा ओलांडली की एक स्वयंसेवक घड्याळाचं बटण दाबतो, तुमचं नाव त्याला माहीत नसतं. पुढे दोरीच्या चिंचोळ्या वाटेच्या टोकाला दुसरा स्वयंसेवक क्रमांक असलेलं टोकन हातात देतो. वेळांची यादी एक, टोकनांची दुसरी, आणि दोन्ही नंतर क्रमाने जुळवतात. म्हणजे त्या वाटेत कुणी पुढच्याला ओलांडलं तर दोघांच्या वेळांची अदलाबदल होते, आणि कुणी टोकन न घेताच दोरीखालून निसटलं तर मागच्या सगळ्यांच्या वेळा एका घराने सरकतात. दम लागला असला तरी रांगेत चालत राहा, टोकन घ्या, आधी तुमचा बारकोड आणि मग टोकन स्कॅन करून घ्या आणि टोकन परत द्या. ते खिशात घरी आलं तर पुढच्या शनिवारी तो क्रमांक कमी पडतो. निकाल बहुधा त्याच दिवशी ईमेलवर येतो.

एवढी गर्दी झेपणार नाही असं वाटत असेल तर पहिली खेप घराजवळच्या लहान पार्करनला करा. बारकोड तोच, टेल वॉकर तिथेही असतो. बुशीला महिन्याभराने या.